चौथ्या बोल्टावरची चिंधी

वर्ध्याहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "सेवाग्राम पाहिलंस?" नाही पाहिलं. "पवनारला तरी गेली असशील?" नाही गेले. मग दोन दिवस तिकडे केलंस काय, असा चेहरा करून माणसं माझ्याकडे बघतात. मी सिंदी मेघेत एका घराची बैठकीची खोली पाहिली, समुद्रपूरला कापसाचं एक जिनिंग पाहिलं आणि तिथल्याच एका घरी पोटभर जेवले. एवढ्यासाठी कोणी नाशिकहून वर्ध्याला जातं का? मी गेले. आता सांगायला बसलेच आहे तर सगळं सांगते, कारण अर्धवट सांगितलेल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पूर्ण सांगितलेल्यांवरही फारसा नाही.

माझा धंदाच संशयाचा आहे. विमानं दुरुस्त करणारे जे कागदावर लिहितात ते खरं आहे का, हे मी तपासते. तीस वर्षं हेच केल्यावर बाईचं काय होतं ते माझ्या नवऱ्याला विचारा. तो म्हणतो कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, मी म्हणते, दुसऱ्या कोणी ऐकल्या का?

झालं होतं ते असं. नागपूरजवळ एक हँगर आहे. कोणाचा ते विचारू नका, माझी नोकरी त्याच कंपनीत आहे, निदान हे लिहीपर्यंत तरी. तिथून दुरुस्त होऊन गेलेल्या एका प्रवासी विमानाच्या पंखात, पुढच्या तपासणीच्या वेळी, दुसऱ्या गावच्या माणसाला एक बोल्ट अर्धा बाहेर आलेला दिसला. पंखाच्या मागे एक झडप असते, विमान उतरताना ती खाली येते. ती धरून ठेवणाऱ्या चार बोल्टांपैकी हा चौथा. तीन नीट पिळलेले, चौथा नुसता हाताने फिरवून ठेवलेला. कोणाला काही झालं नाही. तो निघालाच असता तर काय झालं असतं ते मला माहीत आहे, आणि ते मला लिहायचं नाही.

त्या कामावर दोन माणसं होती. सकाळच्या पाळीचा सुधाकर, राहणार समुद्रपूर, आणि दुपारच्या पाळीचा प्रकाश, राहणार सिंदी मेघे. दोघांनाही चौकशी होईपर्यंत घरी बसवलं होतं. सुधाकरचा जबाब म्हणत होता: चौथा बोल्ट राहिला होता, खूण म्हणून मी त्याला चिंधी बांधून गेलो. प्रकाशचा म्हणत होता: चिंधी नव्हती, म्हणून काम पूर्ण समजलो, झाकण लावलं, सही केली. म्हणजे दोघांपैकी एक खोटं बोलत होता. मॅनेजरसाहेब फोनवर म्हणाले, "मॅडम, शुक्रवारपर्यंत अहवाल द्या. निष्काळजीपणा लिहा आणि विषय संपवा." निष्काळजीपणा हा शब्द लिहिला की त्या माणसाला पुन्हा कुठल्याच विमानाला हात लावू देत नाहीत. त्याची रोजी त्या एका शब्दात जाते.

खरं सांगायचं तर माझा निकाल गाडीत बसतानाच लागलेला होता. विमानाला चिंधी कोण बांधतं हो? सुधाकर खोटं बोलतोय. फक्त हँगरमध्ये साहेबांच्या समोर दोघंही "हो सर, हो सर" करत होते, म्हणून म्हटलं घरी जाऊन गाठावं. घरी माणसं कमी खोटं बोलतात असं नाही, पण त्यांना ते सावरायला बायको-मुलं समोर असल्यामुळे जड जातं.

सोमवार, वर्धा आणि सिंदी मेघे

स्टेशनसमोर तर्री-पोहे खाल्ले. आमच्याकडे नाशकात मिसळीला तर्री असते, इथे पोह्यांवर ओततात. वर लाल तेल बघून मी वाडप्याला विचारलं, "कालचं तर नाही ना?" तो म्हणाला, "कालचं राह्यते कुठी म्याडम? दहा वाजता भांडं खाली होते." दहाला पाच कमी होते, मी भांड्यात वाकून पाहिलं. खरंच तळ दिसत होता. पोहे मात्र असे होते की दुसरी प्लेट मागवली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ली.

लॉजवरच्या खोलीत पंखा डुगडुगत होता. मी कॉट ओढून भिंतीला लावली. पोऱ्या नव्हता, मालक स्वतःच आवाज ऐकून वर आला आणि म्हणाला, "काई होत नाई म्याडम." काही होत नाही! या तीन शब्दांनी जेवढी विमानं जमिनीवर आणली असतील तेवढी वादळांनी आणली नसतील. मी कॉट तिथेच ठेवली.

दुपारी ऑटोने सिंदी मेघे. वर्ध्याला चिकटूनच आहे, कुठे शहर संपलं आणि कुठे हे सुरू झालं ते कळत नाही. प्रकाशचं घर नवं, बाहेर तुळस, आत सोफ्यावर प्लास्टिकचं कव्हर तसंच. तो पस्तिशीचा, गोल चेहऱ्याचा माणूस, मला बघून असा उभा राहिला की जणू मीच घरमालकीण. त्याच्या बायकोने चिवडा आणि संत्री आणून ठेवली आणि दाराआड उभी राहिली, ऐकायला.

"चिंधी होती?" मी थेट विचारलं.

"नाई म्याडम."

"तुम्ही काढून टाकली नाही?"

"मी काहाले काढीन? चिंधी दिसली असती तं मी झाकनाले हातच नसता लावला." मग तो जरा पुढे सरकला. "सुधाकर भाऊ अन् मी पयले समुद्रपूरच्या जिनिंगमंधी संगंच होतो. तिथं तसंच आहे. काम अर्धं राह्यलं तं चिंधी. चिंधी नाई तं काम झालं."

"आणि हे तुम्ही विमानाला लावलंत? कार्डावर लिहायचं सोडून?"

"कार्डावर चार बोल्टाले एकच चौकोन हाये म्याडम. सही करा नाईतं नका करू. तीन झाले, एक राह्यला, हे लिवाले जागाच नाई. त्यानं चौकोन रिकामा सोडला. मी आलो, हात घातला, तो बोल्ट मांगं हाये, दिसत नाई, हातालेच लागते. चिंधी लागली नाई. पाना फिरवून पाहाले पाह्यजे होता. नाई पाह्यला. सही मी केली, थे माह्यी चूक हाये, मी नाई म्हनत नाई."

खोटं बोलणारा माणूस सहसा स्वतःची चूक इतकी नेमकी सांगत नाही. पण पढवलेला सांगतो. दोघं एका जिल्ह्याचे, एका जिनिंगचे, बहुतेक एका डब्यातले. मी वहीत लिहिलं, "संगनमत?" आणि खाली दोन रेघा मारल्या.

"पाळी बदलताना सुधाकर भेटला असेल ना? तोंडी सांगितलं नाही त्याने?"

"भेटला ना. बसमंधून."

मला कळेना. मग त्याने समजावून सांगितलं. सकाळच्या पाळीची बस दुपारच्या पाळीची बस आत यायच्या आधी सुटते. ती सुटली की पुढची दोन तासांनी. म्हणून जाणारे पळत सुटतात. दोन्ही बसा फाटकाबाहेर एकमेकींना ओलांडतात आणि माणसं खिडकीतून हात हलवतात. "भाऊनं हात हालवला, मी हात हालवला," प्रकाश म्हणाला.

"हात हलवून काय सांगितलं?"

"काई नाई. जेवला काय, इतकंच."

मी दरवर्षी एक वर्ग घेते. 'मानवी घटक' असं त्याचं जडसं नाव आहे. चूक शेवटी माणूसच करतो, पण ती करायला त्याला कोणी कोणी हात दिला, थकव्याने, घाईने, अंधाराने, वाईट कागदाने, ते शोधायचं, एवढाच त्याचा अर्थ. त्या वर्गात मी छाती पुढे काढून सांगते की काम एकाकडून दुसऱ्याकडे जाताना दोघांनी समोरासमोर उभं राहून बोललंच पाहिजे. हँगरच्या दोन बसांच्या वेळा मी कधी विचारल्या होत्या का? नाही. गाड्यांचं वेळापत्रक हा माझा विषयच नव्हता.

निघताना मागे वळून पाहिलं तर प्रकाशच्या कानाला फोन लागलेला. सुधाकरलाच लावला असणार! मी वहीतल्या दोन रेघांखाली तिसरी मारली.

मंगळवार, समुद्रपूर

सकाळी जाम गावच्या फाट्यापर्यंत बसने आणि तिथून काळीपिवळीने. ज्यांनी काळीपिवळी पाहिली नाही त्यांना सांगते, ही जीप असते, नऊ जणांची, आणि त्यात किती बसतात ते मी मोजायचं सोडून दिलं. माझ्या बाजूचं दार सुतळीने बांधलेलं. ड्रायव्हरला विचारलं, हे उघडलं तर? "नाई उघडत बाप्पा. तीन वर्षं झाली, बांधूनच हाये." शेजारच्या आजीबाईंनी माझी भीती ओळखून माझं मनगट धरलं आणि उतरेपर्यंत सोडलं नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पऱ्हाटी फुटलेली, बाया कंबरेला ओटी बांधून कापूस वेचत होत्या, मध्ये मध्ये तुरीचे तास. आमच्याकडे द्राक्षबागेत एवढ्या सकाळी फवारणीचा वास असतो, इथे वासच नव्हता, नुसतं कोवळं ऊन. छान वाटलं, आणि छान वाटल्याबरोबर मी दाराची गाठ पुन्हा तपासली.

सुधाकरच्या घरी मी मुद्दामच लगेच गेले नाही. त्याला फोन गेलाय, तो तयार बसलेला असणार. बसू दे. मी विचारत विचारत आधी जिनिंगवर गेले. कापसाचे ढीग, सरकी काढणाऱ्या रेच्यांचा खडखडाट, हवेत रुईचे तंतू, दोन मिनिटांत माझे केस पांढरे. होते त्याहून जास्त. तिथले जुने मिस्त्री नामदेवराव, कानात कापसाचे बोळे, ओरडून बोलणारे. मी कोण, कुठली, काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं की मशीनचं काम अर्धं टाकून जायचं असेल तर काय करता.

त्यांनी मला एका बंद रेच्यापाशी नेलं. एका नटाला पांढऱ्या कापडाची पट्टी बांधलेली होती, वीतभर लांब. "हे पाहा. धनराजनं बांधली. थो बेअरिंग आनाले हिंगनघाटले गेला. आता धनराज येऊन सोडन तवाच हे मशीन चालू होईल."

"आणि दुसऱ्या कोणी सोडली तर?"

नामदेवराव माझ्याकडे बघतच राहिले. "दुसरा काऊन सोडन?"

माझा विश्वास बसला नाही. मी बाजूला सरकी भरणाऱ्या एका माणसाला बोलावलं आणि म्हटलं, दादा, जरा ती चिंधी सोडून द्या. त्याने मिस्त्रींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हात पाठीमागे घेतले. "मी नाई हात लावत म्याडम. ज्याची त्यानं सोडाची." मी म्हटलं, मी सांगतेय ना. तर म्हणाला, "तुमी सांगा, कलेक्टर सांगो. त्याचा हात असन आत मंधी तं?"

मग नामदेवराव म्हणाले की त्यांच्या तरुणपणी एकाचा हात असाच गेला होता, तेव्हापासून चिंधी. ओरडून नाही म्हणाले, हळू म्हणाले, मला ओठांवरून समजून घ्यावं लागलं.

म्हणजे चिंधीची रीत खरी होती. पण रीत खरी असली म्हणून सुधाकरने त्या दिवशी ती पाळली, हे कुठे सिद्ध होतं? उलट खोटं बोलायला ती बरीच सोयीची होती. मी केस झटकत त्याच्या घराकडे निघाले.

सुधाकर दारातच उभा होता. चाळिशीचा, सडपातळ, नखांच्या कडेला ग्रीसची काळी रेघ. तीन आठवडे घरी बसूनही न गेलेली. त्याची बायको वनिता अंगणवाडीत सेविका आहे, त्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली होती. मी बसायच्या आत तो म्हणाला, "म्याडम, चूक माह्यीच हाये. पाळीच्या रजिस्टरमंधी लिवाले पाह्यजे होतं, नाई लिवलं. चिंधीवर भरोसा ठेवला. तुमी लिहून टाका, मी सही देतो."

कबुली इतक्या लवकर आली की मला संशय येतो. एवढी घाई कशाची?

"आधी जेवा," वनिता म्हणाली. आमच्याकडे चौकशीला आलेल्या बाईला चहा विचारतात, तोही ती नको म्हणेल या आशेवर. इथे पाट मांडलेला होता. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, आणि कोथिंबिरीच्या वड्या. कोथिंबिरीला इकडे सांबार म्हणतात, तेव्हा सांबारवड्या. चौकशीतल्या माणसाच्या घरचं खाऊ नये असा नियम आहे. मी चार वड्या खाल्ल्या आणि पाचवी वाढून घेतली.

हात धुतल्यावर मी वही उघडली. त्याने सगळं ओळीने सांगितलं. ठरलेल्या ताकदीने पिळायचा जो पाना असतो, तो तीन बोल्ट झाल्यावर कोणीतरी दुसऱ्या विमानासाठी मागून नेला. तो परत येईपर्यंत बसची वेळ झाली. चौथा हाताने बसवला, चिंधी बांधली, पळाला.

"चिंधी तुम्ही बांधली. प्रकाशच्या हाताला लागली नाही. मग ती गेली कुठे? उडाली?"

सुधाकर माझा पेला पुन्हा भरायला लागला.

"दोन पाळ्यांच्या मधे तिथे कोण होतं?"

"मले नाई माहीत."

"माहीत हाये त्याईले," वनिता म्हणाली.

"तू चूप राह्य."

"काऊन चूप राहू? तुमी घरी बसून राह्यले, रातभर डोळ्याले डोळा नाई, अन् मी चूप राहू? म्याडम, शोभाबाईले इचारा."

शोभाबाई म्हणजे हँगरमध्ये झाडपूस करणारी बाई. सुधाकरने हात जोडले, अक्षरशः जोडले. "म्याडम, तिले नका आनू याच्यात. ठेक्यावर हाये, नवरा नाई, दोन लेकरं हायेत. तिले काय माहीत बोल्ट काय अन् चिंधी काय. माह्यं जाईन तं मी जिनिंगमंधी जाईन परत. तिले कोन घेईन?"

अस्सं. म्हणून घाई होती. मला त्याचा राग आला. मी वनिताकडून नंबर घेतला, फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा खाली ठेवला. नाव सांगितलं. विचारलं, त्या दिवशी पंखाखाली काही कापड दिसलं होतं का.

शोभाबाईचा आवाज खणखणीत. "दिसलं होतं ना म्याडम! मांगच्या झडपीपाशी, बोल्टाले बांधलं होतं. काढून टाकलं मी. एक चिंधी सोडत नाई मी, कोनालेबी इचारा. शिफ्ट सुटली का पयले चक्कर माह्यी."

"कोणाची आहे ते विचारलं नाही?"

"इचाराचं नाई ना! तुमीच तं सांगितलं होतं. सगळ्याईले उभं करून. कापडाचा तुकडा दिसला तं उचला, कोनाचा हाये इचारत नका बसू. तवापासून मी नाई चुकली एकही दिवस." आणि मग, "बरोबर केलं ना म्याडम?"

गेल्या वर्षी मी त्याच हँगरला गेले होते. चाकांच्या कप्प्यात पुसायचं फडकं विसरलेलं सापडलं होतं, आणि मी सगळ्यांना एका रांगेत उभं करून तासभर झापलं होतं. दोन पाळ्यांच्या मधे फेरी मारायची कल्पनाही माझीच. त्या रांगेत सुधाकर होता, प्रकाश होता, मागे झाडू घेऊन शोभाबाई होती. तुम्ही कापड कशाकशाला वापरता, एवढं मी तेव्हा कोणालाच विचारलं नाही. माझा त्यांच्यापैकी कोणावर विश्वासच नव्हता, तर विचारणार काय? दोन दिवस मी ज्या खोट्याच्या मागावर फिरत होते ते कोणी बोललेलंच नव्हतं.

"बरोबर केलं शोभाबाई," मी म्हटलं. "तुमची काही चूक नाही." फोन ठेवला. सुधाकर वर बघेना. ती सूचना माझीच होती हेही त्याला माहीत होतं, पहिल्यापासून. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तुमाले कसं सांगाचं म्याडम?" तो म्हणाला. एवढंच.

मी तिथेच, जमिनीवर बसून, अहवालाचा कच्चा कागद लिहिला. निष्काळजीपणा हा शब्द कुठेही घातला नाही. एका चौकोनाचं कार्ड लिहिलं, मागून नेलेला पाना लिहिला, बसांच्या वेळा लिहिल्या, सुधाकरने रजिस्टर भरलं नाही आणि प्रकाशने न पाहता सही केली हेही लिहिलं. शेवटी लिहिलं: 'खुणेची चिंधी सफाईच्या वेळी काढली गेली. सापडलेलं कापड न विचारता उचलावं, अशी सूचना पूर्वी देण्यात आली होती.' सुधाकर न वाचताच सही करायला पेन शोधू लागला.

"थांबा," वनिता म्हणाली. तिने कागद ओढून घेतला. अंगणवाडीची रजिस्टरं भरून भरून तिची नजर तयार झालेली. ती बोट ठेवून ओळ ओळ वाचत गेली. माझ्यावर तिचा विश्वास नव्हता आणि ते तिने लपवलंही नाही. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"ही सूचना कोनं देली होती, थे नाई लिवलं तुमी."

"वरून होती," मी म्हटलं.

"वरून म्हंजे?"

मी सुधाकरकडे पाहिलं. तो आता माझ्याकडे बघत होता. मी कागद परत घेतला आणि 'देण्यात आली होती' च्या वर, दोन ओळींच्या मधल्या जागेत, माझं नाव आणि हुद्दा लिहिला.

वनिताने पुन्हा वाचलं. "मोठं लिवा ना म्याडम," ती म्हणाली. "इतकं बारीक कोनी वाचत नाई."

मी ती ओळ एका रेघेने खोडली, बाजूला सही केली आणि खाली पुन्हा, मोठ्या अक्षरात लिहिली.